रोटरी इंजिनची सील : फट किती ठेवायची?

इंजिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा पिस्टन येतो. पण पिस्टनच नसलेलं इंजिनही आहे. त्याचं नाव रोटरी किंवा वँकेल इंजिन. जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेलं असं पहिलं इंजिन 1957 साली जर्मनीतील एनएसयू कंपनीत चाललं. आजच्या पाठात आपण हे इंजिन उघडून पुन्हा जुळवताना नवीन सील कशी बसवतात ते पाहू.

आधी रचना समजून घेऊ

भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग आठवा. मधे किंचित आवळलेली. साधारण तशा आकाराच्या पोकळीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. हा रोटर. त्याच्या तीन बाजू आणि हाउसिंगची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे लहान-मोठे होतात आणि इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामं होतात.

आता प्रश्न असा, की एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात का जात नाही? उत्तर आहे सील. कुकरची रिंग सैल झाली तर शिट्टी होत नाही, वाफ कडेनेच निघून जाते. इथेही तसंच. फरक एवढाच, की कुकरची रिंग एका जागी बसून असते आणि इथली सील भिंतीला घासत सतत पळत असते.

सीलचे प्रकार

1) टोकाची सील (एपेक्स सील) : रोटरच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या.
2) कोपऱ्याची सील : प्रत्येक टोकाच्या दोन्ही अंगांना एक, म्हणजे सहा छोट्या गोल चकत्या.
3) बाजूची सील : दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या कमानदार बारीक पट्ट्या, एका अंगाला तीन, म्हणजे सहा.

एका रोटरला झाली पंधरा. माझदाच्या 13बी इंजिनात दोन रोटर असतात, म्हणून तीस. तेल अडवणाऱ्या रिंगा आणि पाणी अडवणारी रबरी सील वेगळीच. प्रत्येक सीलखाली स्प्रिंग असते. पण खरा जोर स्प्रिंगचा नाही बरं का! जळणाऱ्या वायूचा दाब खाचेतून सीलच्या मागे शिरतो आणि तोच तिला भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे खाचेत सील गच्च बसली तर चालणार नाही. ती सहज सरकली पाहिजे.

बसवण्याचा क्रम

सर्वप्रथम जुनी काजळी काढून खाचा स्वच्छ करा. खाच झिजून रुंद झाली आहे का, हाउसिंगच्या आतला क्रोमचा मुलामा उडाला आहे का, हे तपासा. खराब भिंतीवर नवीन सील बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मग येतं सर्वांत चिकाटीचं काम, बाजूची सील. ही नवीन पट्टी थोडी लांब ठेवलेली असू शकते. तिचं एक टोक बारीक कानशीने कोपऱ्याच्या सीलच्या गोलाईप्रमाणे घासायचं, खाचेत बसवायची आणि फीलर गेजने फट मोजायची. पुन्हा थोडं घासायचं, पुन्हा मोजायचं. माझदाच्या मापाप्रमाणे नवीन सीलसाठी ही फट 0.05 ते 0.15 मिलिमीटर हवी. म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास!

फट अजिबात ठेवली नाही तर? इंजिन तापल्यावर पट्टी लांब होईल, कोपऱ्याच्या सीलला रेटेल आणि अडकून बसेल. फट जास्त झाली तर दाब निसटेल. कमी घासलेलं पुन्हा घासता येतं, जास्त घासलेलं परत जोडता येत नाही. म्हणून घाई नको.

जी पट्टी ज्या खाचेसाठी घासली, ती तिथेच बसवायची. यासाठी अंड्यांचा ट्रे फार उपयोगी. प्रत्येक खणावर रोटर आणि खाचेचा क्रमांक लिहा. जुळवणी करताना सील आणि स्प्रिंगा जागेवर राहाव्यात म्हणून थोडं व्हॅसलीन लावतात. ते पुढे उष्णतेने निघून जातं.

सीलने घडवलेला इतिहास

हे काम किरकोळ वाटतं ना? पण 1967 साली आलेल्या एनएसयूच्या आरओ 80 या मोटारीची सुरुवातीची इंजिनं प्रामुख्याने टोकाच्या सीलपायी बदनाम झाली. जपानमध्ये हिरोशिमा येथे माझदाच्या अभियंत्यांनाही हाउसिंगच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे सापडत. त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखालील गटाने अनेक पदार्थ तपासले. अखेर अॅल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनची सील उपयोगी पडली आणि 1967 मध्येच कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे 1991 साली माझदाच्या चार रोटरच्या 787बी मोटारीने ल मां येथील 24 तासांची शर्यत जिंकली.

काम बरोबर झालं का?

जुळवणी झाल्यावर एक स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा आणि कान द्या. रोटरच्या एका फेरीत तीन वेळा ‘फुस्’ असा आवाज आला पाहिजे, तिन्ही सारख्या जोराचे. नेमका आकडा हवा तर दाबमापक लावा.

आता जरा डोकं चालवा. समजा, एकच आवाज जोराचा आला आणि दोन मंद आले. दोष कुठे असेल? टोकाची सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असते. ती एकटी बिघडली तरी शेजारचे दोन्ही कप्पे कमजोर होतात. म्हणून संशय तिच्यावर. आणि एकच आवाज मंद असेल तर? तेव्हा त्या एका कप्प्याची बाजूची सील पाहावी लागेल.

स्वाध्याय

1) तीन रोटरच्या इंजिनात टोक, कोपरा आणि बाजू मिळून किती सील लागतील?
2) सील खाचेत गच्च बसली तर वायूचा दाब तिच्या मागे का पोहोचणार नाही?
3) रेल्वेच्या रुळांत ठेवलेली फट आणि बाजूच्या सीलची फट यांत कोणतं साम्य आहे?

‘घट्ट म्हणजे चांगलं’ असं आपण सहज म्हणतो. रोटरी इंजिन मात्र शिकवतं की योग्य ठिकाणी, मोजून ठेवलेली केसाएवढी फटसुद्धा कामाची असते.