दहांची प्रार्थना

ठाणे शहरात देवळे, मशिदी आणि चर्च आहेत, तसेच यहुदी लोकांचे एक प्रार्थनामंदिरही आहे. अशा मंदिरास सिनॅगॉग म्हणतात. ठाण्याच्या सिनॅगॉगचे नाव ‘शार हश्शामाईम’ असे असून या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’ असा होतो. १८७९ साली ते स्थापन झाले. येथे प्रार्थनेस येणारे लोक मुख्यतः बेने इस्रायल समाजाचे होत.

बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’. त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते, ते शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ फुटले व त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढणे हा या लोकांचा जुना व्यवसाय. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे पडली आणि मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. १८४६ साली मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाचा प्रार्थनाग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला.

शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्यास ‘शब्बाथ’ म्हणतात. शुक्रवारी सूर्य मावळताच तो सुरू होतो. या दिवशीची प्रार्थना पाहण्याची इच्छा अन्य धर्माच्या माणसासही होऊ शकते. मात्र त्याने आधी कळवून परवानगी घ्यावी. २००८ साली मुंबईतील नरिमन हाऊस या यहुदी केंद्रावर दहशतवादी हल्ला झाला. तेव्हापासून अशा ठिकाणी अधिक दक्षता बाळगली जाते.

आत जाताना पुरुषांनी डोके झाकावयाचे असते. यहुदी पुरुष ‘किप्पा’ नावाची लहान गोल टोपी घालतात. पाहुण्यास साधी टोपीही चालते. पुरुष व स्त्रिया यांच्या बसण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात. देवळात गेल्यावर दक्षिणा ठेवण्याची ज्यास सवय आहे, त्याचा हात सहज खिशाकडे जाईल. परंतु शब्बाथच्या दिवशी पैशांस स्पर्श करावयाचा नसतो. त्या दिवशी लिहिणेही वर्ज्य असते. म्हणून पाहुण्यानेही वही व छायाचित्राचे यंत्र दूर ठेवणे उचित होय.

सिनॅगॉगमध्ये मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेस एक पवित्र कपाट असते. भारतातून जेरुसलेम पश्चिमेस आहे, म्हणून येथील लोक पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करतात. त्या कपाटात ‘तोरा’ हा धर्मग्रंथ ठेवलेला असतो. तो चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर हाताने लिहिलेला असतो. शनिवारी सकाळी तो बाहेर काढला, की सर्व मंडळी उभी राहतात. पालखी दारावरून जाताना लोक जसे आदराने पुढे होतात, तसे भाविक तोरास वंदन करण्यासाठी पुढे येतात. वाचणारा त्यातील अक्षरांस बोट लावीत नाही; तो एका लहान काठीने ओळ दाखवितो. दर आठवड्यास एक भाग याप्रमाणे वर्षभरात सारा ग्रंथ वाचून पुरा होतो.

परंतु ग्रंथ आहे, वाचणारा आहे, एवढ्यानेच हे वाचन होऊ शकत नाही. त्यासाठी परंपरेप्रमाणे दहा यहुदी पुरुष हजर असावे लागतात. एकट्याने प्रार्थना करता येते. पण तोराचे सामुदायिक वाचन आणि ‘कद्दिश’ ही प्रार्थना यांसाठी दहांची संख्या पूर्ण व्हावी लागते. आईबाप वारल्यावर मुलगा त्यांच्यासाठी कद्दिश म्हणतो. नऊच माणसे जमली, तर त्याला दहाव्याची वाट पाहावी लागते. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा या दहांत मोजला जातो. वडीलधाऱ्या नऊ जणांची प्रार्थना अशा वेळी एका शाळकरी मुलाच्या येण्याने पूर्ण होते!

पूर्वी दहा माणसे जमविणे कठीण नव्हते. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षी इस्रायल देश स्थापन झाला आणि पुढे बहुतेक कुटुंबे तेथे जाऊन राहिली. आज भारतात त्यांची संख्या काही हजारच उरली आहे. त्यांतील बरेच लोक मुंबई व ठाणे या भागांत राहतात. कोकणातील काही जुन्या सिनॅगॉगमध्ये मात्र दहा माणसे जमणे दुर्मिळ झाले आहे.

अन्य धर्माचा पाहुणा या दहांत मोजला जात नाही. एक माणूस कमी पडत असला आणि पाहुण्यास मदत करण्याची कितीही इच्छा असली, तरी ती जागा त्यास भरता येत नाही. यात त्याचा अपमान मुळीच नाही. प्रत्येक घराच्या काही गोष्टी त्या घरच्या माणसांनीच करावयाच्या असतात. सर्वांबरोबर उभे राहणे, सर्वांबरोबर बसणे आणि शांतपणे ऐकणे, हे पाहुण्याचे काम. प्रार्थना संपल्यावर लोक परस्परांस ‘शब्बाथ शालोम’ म्हणतात. ‘शालोम’ म्हणजे शांती. त्या वेळी पाहुण्यासही हेच शब्द ऐकावयास मिळतात आणि त्यानेही ते उलट म्हणावयाचे असतात. त्यासाठी दहांची अट नाही.