भूल कोणती, ते गोळ्यांचा डबा ठरवतो

गुडघे बदलायचे ठरले की घरात तीन गोष्टींवर खल होतो: डॉक्टर कोण, सांधा कुठल्या कंपनीचा आणि खर्च किती. भूल कोण देणार आणि कोणती देणार, हे विचारायचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरीही हेच झालं. वय 68, दोन्ही गुडघे झिजलेले. जिना उतरायचा तर कठडा धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. आधी स्टेडियमच्या फेऱ्या सुटल्या, मग गोलबाजारातलं दत्ताचं दर्शनही.

नागपूरला न्यावं की इथंच करावं, यावर बराच काथ्याकूट झाला. काकांनी अटलजींचा दाखला दिला. ऑक्टोबर 2000 मध्ये, पंतप्रधान असताना, वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला आणि पुढच्या वर्षी उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते, पण शिकलेले इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. मध्य प्रदेशातल्या माणसाला हे सांगताना छाती फुगवावीशी वाटणारच! मावसभाऊ हिशेबाचा पक्का. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा जीएसटी सोडून 54,720 रुपयांवर आला होता, हे त्याला तोंडपाठ. सांध्याची इतकी चौकशी झाली. भुलीची कुणीच केली नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मावशी उपाशीपोटी, हिरवा गाऊन घालून तयार. भूलतज्ज्ञ पहिल्यांदा भेटले ते तेव्हा. "माताजी, खून पतला करने की कोई गोली?" मावशीने ठामपणे मान हलवली. डॉक्टर जुने-जाणते असावेत. त्यांनी गोळ्यांचा डबाच मागवला. वारांच्या खणांचा तो निळा प्लास्टिकचा डबा उघडला, तर प्रत्येक खणात एक कॅप्सूल होती. स्टेंट बसवल्यापासून घरात तिला 'हार्टची गोळी' म्हणत. तिच्यात ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल होतं, आणि ते रक्त गोठू न देणारं औषध. फिटनेसच्या कागदावर ईसीजी, शुगर, छातीचा एक्स-रे सगळं होतं. औषधांची यादी मात्र अर्धीच. ऑपरेशन पुढे ढकललं. काका संतापले, पण डॉक्टरांचं बरोबर होतं.

कारण असं. गुडघ्याच्या ऑपरेशनला बहुधा कमरेतून सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. त्या सुईने आत रक्तस्राव झाला आणि तो थांबला नाही, तर साकळलेलं रक्त मज्जारज्जूवर आणि तिथल्या नसांवर दाब आणतं. क्वचितच घडतं, पण घडलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. मात्र स्टेंटवाल्याने ते आपल्या मनाने बंद करणं त्याहून धोक्याचं. आत गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. मावशीचा स्टेंट जुना होता, म्हणून परवानगी मिळाली. क्लोपिडोग्रेल थांबलं, ॲस्पिरिन चालू राहिलं.

दुसऱ्या वेळी मात्र भूलतज्ज्ञाची वेळ आधीच घेतली. मावशीच्या दोन भीती होत्या. शेजारणीने सांगितलेलं, की कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते. आणि जागेपणी करवतीचा आवाज ऐकू आला तर? पहिलीत फारसं तथ्य नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, जन्माचं दुखणं त्या सुईमुळे लागतं असं दिसलेलं नाही. डोकेदुखी मात्र खरी, आणि ती या तंत्राइतकीच जुनी. ऑगस्ट 1898 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या सर्जनने हा प्रयोग स्वतःवर आणि हिल्डेब्रांट या सहायकावर करून पाहिला. सहायकाच्या नडगीवर हातोडी मारली, सिगारचा चटका दिला. त्याला काही कळलं नाही. पण बीअरच्या पाठीतलं पाणी बरंच गळालं आणि तो नऊ दिवस डोकं धरून होता. आताच्या सुया केसासारख्या बारीक, आणि वयस्कांत हा त्रास तसाही कमी.

आवाजाची भीती खोटी नाही. मावशीला उशी कवटाळून पाठ वाकवायला लावली, सुई दिली. पाय आधी गरम झाले, मग जड, मग जणू नव्हतेच. झोपेचं हलकं औषध दिलं तरी ठोकाठोक कानावर आलीच. "तांबट आळीत बसल्यासारखं वाटलं," ती नंतर म्हणाली, "पण दुखलं काही नाही." ज्याला हे सोसणार नाही त्याने आधीच सांगावं, झोप वाढवता येते.

पूर्ण भूल म्हणजे जास्त धोका, हे समीकरणही सरसकट खरं नाही. 2021 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 1,600 रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. रुग्ण खुब्याचं हाड मोडलेले होते, गुडघ्याचे नव्हेत. पण 60 दिवसांनंतरचे मृत्यू आणि चालता न येणं यांत दोन्ही भुलींत लक्षणीय फरक दिसला नाही. सांधेरोपणात तज्ज्ञांचा कल कमरेतल्या सुईकडे आहे खरा. तरी रक्त पातळ करणारं औषध थांबवता येत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर पूर्ण भूलच बरी. हृदयाची झडप फार अरुंद असेल किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, तर तेही आधी सांगावं. कुठलीही भूल घेतली, तरी मांडीतल्या नसेजवळ सोनोग्राफीवर पाहून बधिरतेचं इंजेक्शन देता येतं. मावशीला ते दिलं होतं. त्याचा असर दुसऱ्या दिवशी उतरला आणि तेव्हा गुडघा खरा बोलू लागला. वेदनेची गोळी त्याआधीच मागायला हवी होती.

तेव्हा भूलतज्ज्ञाला भेटायला जाताना चिठ्ठ्या नकोत, डबाच न्या. आयुर्वेदिक काढे आणि शुगरच्या गोळ्यांसकट. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, हे अनेक घरांत माहीत नसतं. पाणी किती वाजेपर्यंत चालेल, तेही विचारा. जड जेवण सहा-आठ तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. आणि ऑपरेशनच्या सकाळपूर्वी भूलतज्ज्ञाची गाठ पडणार नसेल, तर तारीख पुढची मागून घ्या.