तुरटीने निवळलेले पाणी आणि कावीळ

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या नळाला गढूळ, दुर्गंधीयुक्त पाणी येते. आम्ही तुरटी फिरवून ते पितो. सून गर्भवती आहे. एवढी दक्षता पुरेशी आहे काय?

उत्तर : मुळीच नाही. तुरटीने गाळ तळाशी बसतो व पाणी डोळ्यांना निर्मळ भासते, परंतु ‘ई’ प्रकारच्या काविळीचा विषाणू त्या निर्मळ पाण्यातही तग धरू शकतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वजीराबादच्या उपशापर्यंत मागे आले, तेव्हा अंमलदारांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविली, त्यायोगे विषमज्वर आणि आमांश बळावले नाहीत, आणि तरीही काही आठवड्यांत सुमारे २९,००० नागरिकांना कावीळ झाली. दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे प्रकट होईपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटत असल्यामुळे, डोळे पिवळे होतात तेव्हा त्या पाण्याचे स्मरणही उरलेले नसते.

इतरांना हा रोग बहुधा विश्रांतीने सोडून जातो; परंतु गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो जडल्यास यकृत निकामी होऊन शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत प्राणहानी होऊ शकते, आणि म्हणूनच आपल्या प्रश्नाने मी चिंतित झालो आहे.

सूनबाईंच्या पिण्याचे, दात घासण्याचे व कच्ची फळे धुण्याचे पाणी खळखळून उकळून झाकून ठेवावे. अरुची, उलट्या, गडद लघवी यांपैकी काहीही आढळताच झाडपाल्यात वेळ न दवडता इस्पितळ गाठावे; आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी नगरपालिकेकडे तक्रारअर्ज अवश्य गुदरावा.