डुबकीत दम रोखायचा, मग स्कुबात का नाही?

प्रश्न : मी इटियाडोह धरणाजवळ राहतो. बोडीत, तलावात डुबक्या मारतच वाढलो. दम रोखून तळाची माती वर आणण्यात गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आता मुलगी नोकरीला लागली आहे आणि आम्हा दोघांना अंदमानला स्कुबा डायव्हिंगसाठी न्यायचं म्हणते. तिने दाखवलेल्या माहितीत पहिलाच नियम आहे, ‘पाण्याखाली दम कधीही रोखू नका.’ आम्ही तर नेमकं उलट शिकलो. हे काय गौडबंगाल आहे? बायकोला पोहता येत नाही, तिला जमेल का? जावं कधी? आणि सरावासाठी आमच्या धरणातच सिलिंडर लावून उतरलो तर?
– एक वाचक, गोठणगाव (ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : दोन्ही नियम बरोबर आहेत. छातीत हवा कुठे भरली, काठावर की खोल पाण्यात, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

काठावर तुम्ही छाती भरून सहा लिटर हवा घेतली असं समजा. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटर खाली दाब दुप्पट आणि छातीतली हवा दबून तीन लिटर. वर आलात की तीच पुन्हा सहा लिटर होते. जेवढी नेली तेवढीच परत आणली; फुप्फुसाची तक्रार नाही.

स्कुबात मात्र हवा खाली गेल्यावर भरली जाते. तोंडात धरायचा रेग्युलेटर सिलिंडरमधली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. तसं केलं नाही तर पाण्याच्या रेट्याविरुद्ध छाती फुगवताच येणार नाही. आता दहा मीटरवर तुम्ही याच हवेने सहा लिटरची छाती भरली, दम रोखला आणि सवयीने वर झेपावलात. पृष्ठभागावर येईपर्यंत त्या हवेला बारा लिटर जागा लागते. ती जागा शरीरात नाही. फुप्फुसाचे नाजूक पडदे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. सतत श्वास चालू असला की वाढलेली हवा आपोआप बाहेर पडत राहते. नियम आहे तो एवढ्यासाठीच.

यातली खरी फसवी गोष्ट म्हणजे उथळ पाणी. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट होते, पण दहावरून वर येताना दुप्पट. भरल्या छातीने दीड-दोन मीटरवरून झटकन वर येणंही महागात पडू शकतं. म्हणून तुमच्यासारख्या पट्टीच्या डुबकीबहाद्दराची मला नवख्यापेक्षा जास्त काळजी वाटते. नवखा घाबरला तर निदान श्वास तरी जोरजोरात घेत राहील. तुमचं अंग घाबरल्यावर आधी दम रोखेल आणि मग पाय मारेल. प्रशिक्षकाला हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज. ती साधी, कोरडी, दाबून भरलेली हवा असते. अकरा-बारा लिटरच्या टाकीत सुमारे दोनशे बार दाबाने दोन हजार लिटरहून जास्त हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा वागू लागतो, झटके येतात. मागाल तेवढीच आणि तितक्याच दाबाची हवा देणारं उपकरण फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये तयार केलं. आजचा रेग्युलेटर त्याचाच वंशज.

वहिनींचं म्हणाल तर जमेल. पर्यटकांसाठीच्या पहिल्या डुबकीला पोहता यावं लागत नाही. प्रशिक्षक पूर्णवेळ धरून असतो आणि बारा मीटरच्या खाली नेत नाही. बहुतेकदा त्याच्या बऱ्याच वर फिरवून आणतो. प्रमाणपत्राचा कोर्स करायचा असेल तेव्हा मात्र दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं. गंमत म्हणजे वहिनींना विसरायची सवय कोणतीच नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या तुमच्यापेक्षा सरस ठरल्या तर नवल नाही.

तिकिटं काढण्याआधी दोघंही डॉक्टरांना भेटा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचा पडदा फाटलेला असणं किंवा कानाचं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी लेखी होकार दिल्याशिवाय उतरू नये. आपल्या पूर्व विदर्भासाठी एक जास्तीची गोष्ट : सिकलसेल. आजार असेल तर स्कुबा नकोच. नुसते वाहक असाल तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगून विचारा. तपासणी झालेली नसेल तर या निमित्ताने करून घ्या. आणि जायच्या दिवशी सर्दी झाली तर पैसे गेले तरी चालतील, पाण्यात जाऊ नका. चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत.

अंदमानला जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे परतीचा पाऊस आणि वादळांची धास्ती असते. भारी धान चुरून झालं की मोकळे व्हाल, पण कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेत असाल तर रोवणीच्या तारखा आधी बघा. गोंदियाहून हावडा गाडीने कोलकात्याला, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजय पुरम) आणि पुढे बोटीने स्वराज द्वीपला. जुनं हॅवलॉक ते हेच. परतीचं विमान डुबकीच्या दिवशीच ठेवू नका. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. एकच डुबकी असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर अठरा तास थांबायचं. शेवटचा दिवस सेल्युलर जेल बघायला ठेवलात की हा हिशेब आपोआप जुळतो.

माझं मत विचाराल तर अंदमानचा खर्च करण्याआधी एकदा तारकर्लीला जाऊन या. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते, तिथून घाट उतरून मालवण. एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीलाच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. या भागाला 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. पाणी अंदमानइतकं नितळ नाही आणि पावसाळ्यात सगळं बंद असतं. पण कान दाब सोसतात का, मुखवट्याखाली जीव घाबरतो का, हे विमानाच्या तिकिटाआधी कळतं. कुठेही गेलात तरी तीन प्रश्न विचाराच : प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे, तो एका वेळी किती जणांना नेतो, आणि बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का. उत्तर देताना कुरकुर झाली तर दुसरं दुकान गाठा. परतीचा घाट चढण्याआधी एक रात्र मालवणातच काढा. उंचीचा नियम रस्त्यालाही लागू आहे.

आता इटियाडोह. सिलिंडर लावून तिथे अजिबात नको. धरणाच्या पोटात बुडालेली खोडं असतात, मासेमारीची जाळी असतात आणि कालव्याच्या दरवाजाजवळची ओढ वरून दिसतसुद्धा नाही. गढूळ पाण्यात जाळं अंगाला लागेपर्यंत कळायचं नाही. ढिवर मंडळींना विचारा, ते स्वतःच्या जाळ्याचीही किती काळजी घेतात. आणि जुन्या पद्धतीने डुबकी मारताना आधी भराभर श्वास घेऊन छाती ‘तयार’ करू नका, मुलांनाही करू देऊ नका. त्याने श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते, पण ऑक्सिजन वेळेवरच संपतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

कान मोकळे करण्याचा सराव मात्र घरी खाटेवर बसूनही होतो. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि कानांत हलकेच टक् होईल एवढीच हवा ढकला. जोर लावायचा नाही. समुद्रात हे दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायला लागण्याच्या आधी करायचं असतं.