शनी आयपीसमधून का निसटतो?

प्रश्न : माझ्याकडे संगणकीय माउंटची दुर्बीण आहे. जुळवणी केल्यावर ती आपोआप शनीकडे वळते, पण काही मिनिटांतच शनी नजरेआड होतो. मोटर बिघडली असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच तसे समजू नका. माउंटला आकाश दिसत नाही. तुम्ही दिलेली तारीख, वेळ, ठिकाण आणि जुळवणीचे तारे यांवरून ते केवळ गणित करते. म्हणून आधी माहिती तपासावी, मग यंत्र.

सुरुवातीला एक सोपी चाचणी करा. शनी मध्यभागी आणून ट्रॅकिंग बंद करा आणि तो कडेला जायला किती वेळ लागतो ते मोजा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश ४ मिनिटांत सुमारे १ अंश सरकते. आयपीसमध्ये अर्धा अंश आकाश दिसत असेल, तर शनी साधारण मिनिटभरात कडेला पोहोचेल. आता ट्रॅकिंग सुरू करून पुन्हा मोजा.

दोन्ही वेळा सारख्या आल्या, तर ट्रॅकिंग चालूच नाही. हँड कंट्रोलच्या मेनूत ते ‘ऑफ’ आहे का पाहा. आडवे-उभे फिरणाऱ्या माउंटसाठी ‘आल्ट-अ‍ॅझ’ हाच पर्याय हवा. चुकून ‘ईक्यू’ निवडला गेला, तर दोन्ही मोटरी मिळून काम करत नाहीत.

शनी हळूहळू सरकत असेल, तर जुळवणी कच्ची आहे. भारताचा वेळविभाग साडेपाच तासांचा आहे. तिथे पाच निवडले, तर साडेसात अंशांचा फरक पडतो. ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद हवे. काही हँड कंट्रोलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर भरावा लागतो. साताऱ्यासाठी अक्षांश सुमारे १७.७ उत्तर, रेखांश ७४ पूर्व. एकाच ताऱ्यावर जुळवणी केली असेल, तर या चुका फार भोवतात. त्यामुळे आकाशात एकमेकांपासून दूर असलेले दोन तारे घ्या, आणि ते नीट ओळखून घ्या. मंगळ जवळपास असेल, तर ज्येष्ठा समजून त्याच्यावर जुळवणी होऊ शकते. तारा मध्यभागी आणताना जास्त वर्धनाचा आयपीस लावा. तिपाई समतल जमिनीवर घट्ट रोवलेली असावी.

शनी बराच वेळ स्थिर राहून अचानक उडी मारत असेल, तर दोष यंत्रात शोधा. बॅटरी उतरली की मोटरी अडखळतात. माउंटला चालणारा १२ व्होल्टचा चांगला वीजपुरवठा वापरून पाहा. केबल सैल आहे का, क्लच घसरतो आहे का, जड कॅमेऱ्यामुळे तोल गेला आहे का, तेही बघा. बाणाचे बटण दाबल्यावर चित्र काही क्षण हलतच नसेल, तर ती गिअरमधली ढिलाई. ‘अँटी-बॅकलॅश’चे मूल्य थोडे थोडे वाढवत जा.

चंद्र पाहताना मात्र ट्रॅकिंगचा वेग ‘लुनर’ ठेवा, कारण ताऱ्यांच्या तुलनेत तो तासाला जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकतो.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा वेळ मोजा. एवढे करूनही ट्रॅकिंग चालू आणि बंद असतानाच्या वेळा सारख्याच येत असतील, तरच माउंट दुरुस्तीला द्या.