ट्रेलरच्या हवेच्या पाईपांची निगा

आपल्या पाड्यांवरची काही मुले आता न्हावाशेव्याच्या ट्रेलरवर क्लीनर म्हणून जातात. हा पाठ त्यांच्यासाठी. मीही क्लीनरचाच ड्रायव्हर झालो, म्हणून पुस्तकातले कमी आणि हाताखालून गेलेले जास्त सांगतो.

ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात. पुढच्या गाडीतून, म्हणजे घोड्यातून, मागे दोन पाईप जातात. तांबडा पाईप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो. गाडी चालू असताना त्यात सतत हवा असते. पिवळ्यात हवा येते ती ब्रेकवर पाय दिला तरच. पाय उचलला की तो रिकामा. एवढी साधी गोष्ट मला घाटात कळली.

नाशिकहून द्राक्षांचा कंटेनर घेऊन कसारा घाट उतरत होतो. निघताना दोन्ही पाईपांना कान लावला होता. आवाज नाही, म्हणजे सगळे ठीक असे समजलो. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला तर मागून फुस्स आवाज, आणि हवेचा काटा खाली. क्लीनर ओरडला, "उस्ताद, मागची ढकलतेय!" लहान गिअर आधीच टाकलेला होता, म्हणून घोड्याच्या ब्रेकवर कशीबशी गाडी कडेला घेता आली. उतरून पाहिले. पिवळा पाईप चासीवर घासून आतले धागे उघडे पडले होते. वर चिखल बसलेला, म्हणून दिसले नव्हते. चूक माझी. एकट्याने तपासले आणि न धुता तपासले.

तेव्हा पाईप धुवायचा तो चकाकण्यासाठी नाही, चीर दिसावी म्हणून. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांखाली ठोकळे लावा. साबणाच्या पाण्याने आणि फडक्याने पाईप पुसून काढा. डिझेल किंवा रॉकेल लावू नका, त्याने रबर फुगते. मग हात फिरवा: फुगवटा, चीर, घासलेली जागा हाताला आधी कळते. मग टाकीत हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, आणि एकाने ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्याने दोन्ही पाईपांवर, विशेषतः जोडावर, साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती आहे. पिवळ्याची गळती या एकाच रीतीने सापडते, म्हणून या कामाला माणसे दोन लागतातच.

पाईप सोडण्याआधी हवा सोडून द्या. दाबाखालचा पाईप सुटला तर तोंडावर बसतो. जोडाच्या तोंडातले रबरी वॉशर पुसा. कडक झालेले असेल तर बदला, ते स्वस्त असते. सोडलेले पाईप जमिनीवर लोळू देऊ नका, घोड्यावरच्या जागी अडकवा. माती आत गेली की ती थेट ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जाते. जोडताना तांबडा तांबड्याला, पिवळा पिवळ्याला. आणि वळणावर ताणला जाणार नाही, पण चासीवरही घासणार नाही, इतकाच ढिला ठेवा.

टाक्यांतले पाणी रोज सोडायचे, पावसाळ्यात तर विसरूच नका.

धागे दिसलेल्या पाईपावर ट्यूबची पट्टी गुंडाळून गाडी हाकू नये. मालक म्हणेल, "एवढी खेप टाक." तेव्हा ड्रायव्हरला तो पाईप हाताने दाखवा आणि घाटाच्या वरच थांबा.