बोलता न येणाऱ्याचा जबाब

केअर सेंटरमध्ये स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दगावला आणि चौकशी लागली, की मालकाचा जबाब होतो, डॉक्टरांचा होतो, मावशींचा होतो, नातेवाइकांचा होतो. ज्याच्या जिवावर बेतलं त्याचा होत नाही. रात्री कोणी बांधून ठेवलं, पाणी कधी मिळालं, आपण पडलो कसे, हे त्याला जिवंतपणीही सांगता येत नव्हतं. म्हणून त्याची बाजू त्याच्या हयातीतच कोणीतरी तारीखवार लिहून ठेवावी लागते. माझे वडील, अण्णा, गेल्यावर झालेल्या चौकशीत आमच्या घराला हे कळलं. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना ते वेळेआधी कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. आमचं घर नायगावला, नांदेड-देगलूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. हैदराबादकडच्या ट्रकांची तिथं रात्रंदिवस वर्दळ. स्मृतिभ्रंश वाढला तसे अण्णा पहाटे उठून ‘शाळा भरली असंल’ म्हणत त्या रस्त्याला लागायचे. माय थकलेली, वहिनीची झोप उडालेली. शेवटी डॉक्टरांशी बोलून त्यांना शहरातल्या एका केंद्रात ठेवलं. गाव म्हणतं, ‘बापाला टाकलं.’ ते मनाला लावून घेऊ नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार आपल्याकडे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, हा आजार आहे. प्रत्येक घराला तो एकट्यानं पेलवणार नाही. मदत घ्यावीच लागते. फक्त मदत घेतली म्हणून आपली राखण संपत नाही.

एके दिवशी केंद्राचा फोन आला, ‘वयोमानानं झोपेतच गेले.’ आम्ही पोहोचलो तेव्हा अण्णांच्या दोन्ही मनगटांवर वळ होते आणि उजव्या खुब्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग. भाऊबंद जमलेले. एक वडीलधारे म्हणाले, ‘आता कशाला चिरफाड? जाऊ द्या की सुखानं.’ त्यांच्या बोलण्यात मायाच होती. पण थोरल्या दादानं पोलिसांना कळवलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, मरणोत्तर पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. खुब्याचं हाड मोडलेलं होतं आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला होता. अंत्यविधी आधी उरकला असता, तर यातलं काहीच कोणाला कळलं नसतं.

नंतर चौकशीसाठी नेमलेल्या वैद्यकीय समितीपुढे केंद्रानं देखभालीचा तक्ता ठेवला. त्यात रोज एकाच अक्षरात, एकाच शाईनं ‘जेवण व्यवस्थित, झोप शांत’ असं लिहिलेलं. आमच्याकडून वहिनीनं कालनिर्णयची पानं दिली. दुधाच्या हिशेबाशेजारी त्या-त्या तारखेच्या चौकोनात तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘घास गिळंना’, ‘मनगट लाल’, ‘नुसते झोपून, डोळा उघडंना’. ज्या दिवशी अण्णांना उलट्या झाल्या म्हणून बाहेरच्या दवाखान्यात नेलं होतं, त्याही दिवशी तक्त्यात ‘जेवण व्यवस्थित’ होतं. दवाखान्याची चिठ्ठी आणि वहिनीचा चौकोन जुळले. तक्ता जुळला नाही. पडल्याचं कुटुंबाला कळवलं नाही, विनानोंद बांधून ठेवलं आणि देखभालीत हयगय झाली, असा निष्कर्ष समितीनं काढला.

हे एका केंद्रापुरतं नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या ओकडेन या सरकारी केंद्राला मान्यता मिळत होती, कागद बरोबर होते. २०१६ मध्ये एका कुटुंबानं आपल्या माणसाच्या अंगावरचे वळ आणि त्याला दिलेला औषधाचा भलताच मोठा डोस यांचा पाठपुरावा केला. २०१७ मध्ये त्या राज्याचे मुख्य मनोविकारतज्ज्ञ ॲरन ग्रोव्ह्ज यांचा अहवाल आला आणि ते केंद्र बंद झालं. पुढे देशभरातल्या वृद्धसेवेसाठी राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला गेला. २०२१ च्या त्याच्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत. आपल्या नांदेडलाही विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा आणि औषधखरेदीचा हिशेब मागितला. चौकशी नीट झाली, तर ती एका मृत्यूवरून सगळ्या व्यवस्थेपर्यंत पोहोचते. तिला हातात धरायला नोंद मात्र लागते.

ठेवण्याआधी

इमारत आणि बाग नंतर पाहा. रात्री किती जण जागे असतात आणि त्यांत नर्स आहे का, हे आधी विचारा. तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात, कोणत्या गाडीनं नेणार, हे लेखी घ्या. जेवणाच्या वेळी न सांगता येऊ देतात का, ते पाहा. नाही म्हणाले तर तिथं ठेवू नका. आपल्या माणसाचं एकपानी पत्रक द्या: औषधं आणि डोस, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, घास कसा करून द्यायचा, कशाला घाबरतो, कोणत्या हाकेला ओ देतो. अण्णा ‘गुरुजी’ म्हटल्यावरच मान वळवायचे. पत्रकाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा.

भेटीत

दर वेळी वेगळ्या वेळी जा. हातानं भरवून पाहा, गिळताना ठसका लागतो का बघा. टाचा, माकडहाड, कोपरं, मनगटं पाहा; जीभ कोरडी आहे का पाहा; वजन विचारा. माणूस एकाएकी सुस्त झाला किंवा जास्त बरळू लागला, तर ‘आजार वाढला’ हे उत्तर मान्य करू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, छातीत कफ, नवीन औषध किंवा पडणं, यांपैकी काही असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

शांत ठेवण्याची गोळी सुरू केली तर कोणती, का आणि किती दिवस, हे विचारा. मनोविकारावरच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. बांधून ठेवण्याबाबत मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट आहे: तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तरच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. त्याची नोंद हवी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायला हवं. ‘पळून जातात’, ‘माणसं कमी आहेत’ ही कारणं त्यात बसत नाहीत.

दुर्दैवानं मृत्यू झाला आणि शंका असेल तर

देह हलवण्याआधी अंगावरच्या खुणांचे फोटो काढा. शेवटचं कोणी, कधी पाहिलं ते विचारून लिहा. कपडे, औषधांची पाकिटं, चिठ्ठ्या सांभाळा. पोलिसांना लेखी कळवा आणि शवविच्छेदनाची मागणी करा. संशयास्पद मृत्यूच्या तपासाची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. केसपेपरच्या प्रतींसाठी अर्ज द्या; डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. डॉक्टरवर गुन्हा लगेच का दाखल होत नाही, म्हणून खचू नका. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं आहे. पैसे देऊन सेवा घेतली असेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

जबाबात डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं वेगवेगळं सांगा. तारखेच्या क्रमानं सांगा. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागा. मूळ कागद देताना पोच घ्या. रागाच्या भरात एखाद्या मावशीवर सगळं ढकलू नका. एकटीला रात्रभर अख्खा वॉर्ड बघायला लावला असेल, तर प्रश्न ड्युटी लावणाऱ्याला विचारायचा असतो.

अनेक घरांना भीती वाटते, की विचारपूस केली तर आपल्या माणसाचे हाल वाढतील. आमची समजूत आता वेगळी आहे. ज्याच्या घरचे येतात, अंग पाहतात आणि लिहून ठेवतात, त्या माणसाकडे दुर्लक्ष करणं अवघड होतं. चौकशीची वेळच येऊ नये, यासाठी घरच्यांच्या हाती असलेला हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. कॅलेंडर आणि पेन प्रत्येक घरात असतं; पुढच्या भेटीपासून सुरुवात करा.